सतराच्या जागी नऊ

२४ फेब्रुवारी

पुन्हा लाल! सकाळपासून स्क्रीनवर नुसतं लाल. एक एरर मिटवावी तर खालून चार नव्या डोकं वर काढतात. गुन्वोर मागे येऊन उभी राहिली. आमची प्रमुख — पण प्रमुख म्हटलेलं तिला आवडत नाही. म्हणाली, तुला बरं वाटेल तसं कर. मला बरं वाटेल तसं! इथं कोणी कोणाला हुकूम देत नाही, सगळे सारखे. म्हणजे शेवटी ज्याचं घोंगडं त्याच्याच गळ्यात.

फेरीबोट धक्क्याला लावताना कप्तानाला हिरवा नाहीतर लाल दिवा दाखवणारं आमचं यंत्र. वारा मोजतं, प्रवाह मोजतं आणि सांगतं — लाव, किंवा लावू नकोस. प्रत्येक धक्क्याच्या मर्यादा वेगळ्या, म्हणून कोडमध्ये प्रत्येक धक्क्याचा एक स्ट्रक्ट. स्ट्रक्ट म्हणजे खणांचं कपाट, दुसरं काही नाही. ह्या खणात पाण्याची खोली, ह्यात वारा, ह्यात प्रवाह. आधीच्या लोकांनी खणांची नावं लिहायचा कंटाळा केला आणि नुसते आकडे ओळीनं टाकले. पहिला आकडा पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्यात. आकडे कमी पडले तर जुना कंपाइलर — आमचा कोड यंत्राला कळेल असा करून देणारा — उरलेल्या खणात गुपचूप शून्य टाकायचा आणि पुढे चालू लागायचा.

आता सगळं नव्या भाषेत लिहायचंय, आणि ही बाई तशी नाही. प्रत्येक खणाचं नाव घ्या, त्यात काय घालायचं ते सांगा. एक खण राहिला तरी दारात आडवी पडते. मला खरं तर आवडते ती. पण आज डोकं उठलंय.

२५ फेब्रुवारी

सकाळची बोट. गाडीतच बसून राहिले. वर कॉफी मिळते, पण वर गेलं की माझ्या शेजारची जागा रिकामी राहते आणि लोक उभे राहतात. भांडत कोणीच नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

१ मार्च

पाव संपला. म्हणजे आस्ब्योर्नचं दुकान — बेटावर दुसरं आहेच कुठे! पाव, दूध, तपकिरी चीज. त्यानं एकेक वस्तू उचलली, यंत्रासमोर धरली, खाली ठेवली. सगळा वेळ नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर. तीन हिवाळे झाले, हा माणूस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. आणि बोलावं तरी का त्यानं?

जानेवारीतली दुपार होती. त्याच्या बायकोला, उन्नीला, पोटात रक्तस्राव सुरू झाला. ढग इतके खाली आले होते की हेलिकॉप्टर उतरेना. अँब्युलन्स आमच्या स्कार्वोयाच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी. बोट पलीकडून आली. ऐलिफ चालवत होता — माझा नवरा. इतकी जवळ आली की आस्ब्योर्नला तो वरच्या खिडकीत दिसला. आणि बोट वळली. आली तशी परत गेली! वारा पडल्यावर दुसरा कप्तान घेऊन ती पुन्हा येईपर्यंत उन्नी अँब्युलन्समध्येच गेली.

ऐलिफ म्हणाला, दिवा लाल होता. चौकशी झाली. यंत्र उतरवून आमच्याच कंपनीत तपासायला आलं. मला त्या खोलीत पाऊलही टाकू दिलं नाही, ते बरोबरच होतं. त्यांनी बाकावर यंत्र मांडून पाहिलं. त्या दुपारचा वारा घातला, अकरा — दिवा हिरवा. यंत्रात दोष नाही, निर्णय कप्तानाचा. तरी नवं तयार होईपर्यंत ते बोटीवर परत चढवायचं नाही असं ठरलं. त्याला कोणी काढलं नाही. त्यानंच गणवेश परत दिला.

बेटानं काय समजायचं ते समजून घेतलं. घाबरला, आणि वर खोटं बोलला. मी त्याच्या बाजूनं उभी राहिले. बायको आहे मी. मनात काय होतं ते — जाऊ दे.

५ मार्च

घर बघायला म्हणून पलीकडचं एक जोडपं येणार होतं. आलंच नाही. बोटीवर कोणीतरी कानात काहीतरी सांगितलं असणार. ऐलिफला काही नाही! तो खाली होड्यांच्या पडवीत दुसऱ्यांच्या होड्या तासत बसतो. फेरीबोटीवर तेव्हापासून पाय ठेवलेला नाही. दात दुखला तरी स्वतःच्या होडीनं जातो. घर विकायला ठेवलं ते मी. तो म्हणतो, गेलो तर कबूल केल्यासारखं होईल. मग राहून काय होतंय? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधून सकाळ-संध्याकाळ मी.

७ मार्च

शुक्रवार. ऑफिसात वाफल, जाळीदार गोड धिरडी. नियम आहे — शुक्रवारी वाफल, आणि सगळ्यांनी मजेत असायचं. सिंद्रे माझ्या टेबलावर येऊन बसला, नेहमीसारखा. एकटा तोच बसतो. मुलीनं भिंतीवर काढलेला घोडा फोनमध्ये दाखवला. घोड्याला पाच पाय होते. मी म्हटलं, एक खण जास्त झाला. इतका हसला बिचारा!

१० मार्च

नीट लिहायला हवं.

सगळे धक्के झाले. नावं लागली, आकडे जागच्या जागी बसले, लाल ओसरलं. शेवटी एकच एरर उरली. स्कार्वोया! म्हणते, प्रवाहाचा खण रिकामा आहे.

बाकी प्रत्येक धक्क्याच्या ओळीत चार आकडे. आमच्या ओळीत तीन. शून्य टाकून घरी निघणार होते — बोटीची वेळ झाली होती आणि गुन्वोर जाता जाता म्हणालीच होती, पूर्वी शून्यच पडत होतं ना, मग तेच टाक. शून्याचा अर्थ आमच्याकडे ‘हे बघू नकोस’ असा आहे. माझं बोट बटणावर होतं. म्हटलं, आपलाच धक्का आहे, बघू तरी एकदा.

खण चार. खोली, उतार, वारा, प्रवाह. आमचे आकडे तीन. सात, सतरा, नऊ. म्हणजे खोली सात. ठीक. उतार सतरा? बोटीतून गाड्या उतरतात ती फळी सतरा अंशांत ठेवली तर गाड्या पाण्यात जातील! सतरा हा उतार नाहीच. सतरा ही वाऱ्याची मर्यादा आहे. नऊ प्रवाहाची.

मग जुना कोड उघडला. पूर्वी खण तीनच होते. उताराचा खण नंतर कोणीतरी मध्येच घुसवला. घुसवला तो घुसवला, बाकी सगळ्या ओळींत एकेक आकडा वाढवला आणि आमची ओळ विसरला. सगळं एकेक घर सरकलं. वाऱ्याचा आकडा उतारात, प्रवाहाचा वाऱ्यात, आणि शेवटच्या खणात जुन्या कंपाइलरनं घातलेलं शून्य. एक शब्द बोलला नाही मेला! आकड्यासारखा आकडा, त्याला काय कळणार.

सतराच्या जागी नऊ. हा बदल बोटीवर चढवला नाताळच्या तोंडावर. त्यानंतर सगळे दिवस थंड आणि निवांत, पानही हललं नाही. पहिला वारा आला तो त्या दुपारी. अकरा.

अकरा म्हणजे नऊच्या वर. दिवा लाल!

आणि तपासणीच्या बाकावर त्यांनी आमचा धक्का घेतलाच नव्हता. तपासणीसाठी एक खोटा धक्का बनवलेला असतो, तो घेतला. त्याच्या ओळीत चार आकडे होते. म्हणून हिरवा.

ऐलिफ खरं बोलत होता. तीन वर्षं तो खरं बोलत होता आणि मी शेजारी झोपून भिंतीकडे तोंड करत होते. बोट चुकली. गाडीत बसून इतकी रडले की काचा धुरकटल्या.

११ मार्च

कोणती ओळ कोणी बदलली ते कोडबरोबर नोंदलेलं असतं. बघायलाच नको होतं. सिंद्रे.

१२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत आला, डबा उघडला, अर्धं गाजर मला दिलं. मी ते तसंच बाजूला ठेवलं. म्हणाला, बरं नाही का? मी म्हटलं, पित्त.

काय करू? नवऱ्याचं नाव धुवायचं तर ह्याच्या तोंडाला काळं लागतं. आणि मी बायको! कोण विश्वास ठेवणार — म्हणतील, हिनंच रचलं. गप्प बसावं तर कसं बसू?

१५ मार्च

आज ऐलिफला सांगितलं. पडवीत होता, उलट्या होडीवर वाकलेला. मी कागदावर चार चौकोन काढले, आकडे घातले, सरकवून दाखवले. तो बघत राहिला. एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, “म्हणजे दिवा खरंच लाल होता?”

“हो रे! लाल होता. तू सांगत होतास तसाच.”

मला वाटलं, रडेल. मिठी मारेल. निदान खाली तरी बसेल! त्यानं रंधा ठेवला, हात पुसले आणि किनाऱ्यानं चालत गेला. जेवायला आला तेव्हा चेहरा राखेसारखा. मी मनातलं सगळं सांगून टाकलं — मीसुद्धा तुला खोटा समजत होते, मला माफ कर. तर म्हणतो, माफी मागू नकोस. आणि मग, “कोणाला सांगू नकोस, तोरुन.”

मी भडकले. का नको? म्हणे झालं ते झालं, उन्नी काही परत येत नाही. सज्जनपणाचीही हद्द असते! मी म्हटलं, तुझ्यासाठी नको तर नको, माझ्यासाठी सांगणार आहे. मला पाव आणायला जाताना मान वर करायची आहे. तो उठला. भांडी घासत बसला.

२० मार्च

सिंद्रेला दाखवलं. आधी त्यालाच, एकट्याला. माझी बायकोची बाजू आहे म्हणून तूच तपास, म्हटलं. त्यानं बोटानं खण मोजले. एक, दोन, तीन. पुन्हा मोजले. मग तारीख बघितली आणि बोट तिथेच राहिलं.

“ही ओळ माझी आहे.”

मीच सबबी देऊ लागले. तेव्हा मुलगी नुकतीच झाली होती, तुला झोप नव्हती, दुसऱ्यानं तपासून मंजूर केलं तेव्हा त्यालाही दिसलं नाही, कंपाइलरनं एक इशारा दिला नाही! तो ऐकत होता की नाही कोण जाणे. शेवटी विचारलं, त्या दिवशी वारा किती होता? मी म्हटलं, अकरा. मान हलवली आणि जॅकेट न घेताच बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता, सायकलींपाशी उभा.

२१ मार्च

वाफल आणि बैठक. गुन्वोरनं रीतीप्रमाणे एकेकाला विचारलं, तुला काय वाटतं? ‘हं’ म्हणण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. सगळं टेबल ‘हं’ म्हणालं. मग एकानं हळूच पुडी सोडली — नव्या कोडमध्ये हे आपोआप दुरुस्त होतंच आहे, मग जुनं उकरायचं का? पुन्हा ‘हं’. मला बोलता येईना. मी बोलले असते तर बायको बोलली असती.

सिंद्रे उठला. म्हणाला, ती उन्नी नावाची बाई होती. चूक माझी आहे आणि मी ती चौकशीवाल्यांना आजच कळवतोय. कंपनीनं काय करायचं ते कंपनीनं बघावं. आवाज फाटला त्याचा. वाफलला कोणी हात लावला नाही.

८ एप्रिल

निकाल आला. यंत्रानं चुकीचा लाल दिवा दाखवला असणार. कप्तानानं नियमाप्रमाणे बोट वळवली. कप्तानाचा काही दोष नाही. पेपरात पहिल्या पानावर. ऐलिफचा जुना फोटो, गणवेशातला.

सिंद्रेनं नोकरी सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. गुन्वोर रडत होती, राहा म्हणत होती. तो माझ्यापाशी आला, हात पुढे केला. “ऐलिफला सांग, त्यानं लाल बघितला आणि थांबला. त्यानं बरोबर केलं. त्या बाईला मी मारलं.” मी म्हटलं, असं बोलू नकोस. पण आतून मी सुटल्यासारखी झाले होते, हेही खरं. आपलेच दात, आपलेच ओठ.

१२ एप्रिल

आस्ब्योर्न घरी आला. स्वतः! दारात बूट काढून उभा राहिला, हातात कापडात गुंडाळलेला केक. उन्नीच्या पद्धतीनं केलाय म्हणाला, जमला नसेल. मी कॉफी ठेवली. ऐलिफ टेबलाशी होता, उठलासुद्धा नाही. मला लाज वाटली.

आस्ब्योर्ननं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, “मी तुला खिडकीत बघितलं होतं. तुझी मान फिरलेली. तीन वर्षं मी तेवढंच बघतोय — ह्यानं आमच्याकडून मान फिरवली. आता कळलं, तू दिव्याकडे बघत होतास.”

ऐलिफच्या हातातला चमचा खाली पडला. आस्ब्योर्ननंच तो उचलून दिला. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दार लागल्यावर मी म्हटलं, एक शब्द तरी बोलायचास! तो होडीचं लाकूड चाचपावं तसं टेबल चाचपत होता.

१५ एप्रिल

बोटीवर वर जाऊन बसले. कॉफी घेतली. शाळेच्या बाईंनी सरकून जागा दिली. ही एवढीशी गोष्ट, पण डोळ्यांत पाणी आलं.

२६ एप्रिल

ईस्टरला माणसांची रीघ लागली होती. केक इतके आले की शीतपेटीत जागा नाही. धक्का रंगवायच्या कामालाही बोलावणं आलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. ऐलिफ गेला, मुकाट्यानं रंग लावून आला. जेवत नाही, झोपत नाही, पट्ट्याला नवं भोक पाडलं. मला आता राग यायला लागलाय. इतकी माणसं माफी मागताहेत, ह्याला आणखी काय हवंय? घर विकायची पाटी मी काढून आणली, तर त्यानं ती पुन्हा लावली. म्हणतो, जाऊ या इथून. आता? आता कशाला!

दार उघडलंय आणि तरी आम्ही दोघं आतच. समजत नाही.

५ मे

आस्ब्योर्न आज पुन्हा. सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे झेंडा ऐलिफनं न्यावा, असं सगळ्यांनी ठरवलंय. दरवर्षी हा मान आस्ब्योर्नचा. त्यानंच तो देऊ केला. ऐलिफ नाही म्हणाला. पुन्हा नाही म्हणाला. आस्ब्योर्न म्हणाला, “माझ्यासाठी. मी तीन वर्षं एका निर्दोष माणसाला एक शब्द न बोलता पाव मोजून दिलाय, मला झोप लागत नाही.” मग ऐलिफनं मान हलवली.

१४ मे

सिंद्रेच्या बायकोचा फोन. तो घरातच बसून असतो. काम शोधत नाही, पोरीशी खेळत नाही. फेरीबोटीचा भोंगा ऐकला की खोलीत जातो. तू बोलशील का त्याच्याशी, म्हणाली, तुझं ऐकेल. मी हो म्हटलं. पण काय बोलू? चूक त्याचीच आहे ना. सतराच्या जागी नऊ. मीच शोधली.

ऐलिफला सांगितलं. त्यानं विचारलं, पोरगी केवढी आहे?

१६ मे

सूट इस्त्री केला. झेंडा धुतला. उद्या पाऊस नाही म्हणतात.

१७ मे

ऐलिफच्या कोटाला फीत लावत होते. म्हणाला, “दिव्याकडे मी बघितलंच नव्हतं, तोरुन. धक्का जवळ आला, लाट उचलून आली आणि मी घाबरलो. लाल होता हे मी मागाहून रचलं.”

खालून आस्ब्योर्न हाक मारत होता. माझ्या बोटांत टाचणी होती. फीत नीट लावली आणि म्हटलं, जा, तो थांबलाय.